नावातले ठिपके कुणी खाल्ले?

वाकडी लेखणी: ‘स्पॅनिश पाद्र्यांच्या धाकाने मेक्सिकोतल्या नाहुआंनी नावातला आकडा गाळला’ ही कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. मुलाला पंचांगातल्या दिवसाचं नाव, म्हणजे ठिपक्यांनी काढलेला आकडा आणि एक चिन्ह; वीस चिन्हं, तेरा आकडे, २६० दिवस, हे ठीक. पण १५६० ची वेशोत्सिंकोची मात्रिकुला, म्हणजे तिथल्या करदात्यांची यादी, उघडा. करदात्याचं डोकं, त्याला लागून नावाचं चित्र, शेजारी रोमन लिपीत नाव. साप, ससा, हरीण भरपूर. ठिपके जवळजवळ नाहीतच. साप राहू देऊन नुसते ठिपके पुसणारा पाद्री कसला?

दगडफोड्या: १५३९ साली तेत्स्कोकोच्या नाहुआ सरदार डॉन कार्लोस ओमेतोच्त्सिनला धर्मखटल्यात जाळलं. ओमे म्हणजे दोन, तोच्त्ली म्हणजे ससा. पुल्के या दारूच्या देवाचंही हेच नाव. आकडा असला की देव, काढला की नुसता ससा. आता म्हणा धाक नव्हता.

वाकडी लेखणी: खटला धर्माविरुद्ध बोलल्याचा होता, नावाचा नव्हे. भलतीकडे नेऊ नका.

कोरा कागद: मुळात ही पंचांगातली नावं कशावरून? गरुड हे शूराचं टोपणनावही असू शकतं.

गणिती: गरुड सोडा, मिकिस, म्हणजे मरण, घ्या. कवटी काढलेली असते. मुलाला मरण म्हणून कोण हाक मारेल?

कोरा कागद: आपल्याकडे धोंडू, केरू ठेवतातच की, दृष्ट लागू नये म्हणून.

गणिती: मग ओलिन, म्हणजे हालचाल? मालिनाल्ली, म्हणजे वळलेलं गवत? हीही नेमकी त्या विसांतलीच कशी? आणि नावावरून जन्मतारीख काढणाऱ्यांनो, दिवस अशुभ निघाला तर नाव ठेवायचं न्हाण त्याच तेरा दिवसांच्या गटातल्या बऱ्या दिवसावर ढकलत. मिळेल ती न्हाणाची तारीख. तीही आकडा असला तर. नुसत्या चिन्हाचे २६० दिवसांत तेरा दिवस निघतात.

शुद्धलेखन: आधी ‘नाहुआ’ आणि त्यांच्या भाषेला ‘नाहुआत्ल’ लिहिणं थांबवा. स्पॅनिश लेखनिकाचा ‘हु’ म्हणजे आपला ‘व’. नावा, नावात्ल.

दगडफोड्या: आले!

शुद्धलेखन: आलोच. तुमचा ‘त्ल’ही एकच व्यंजन आहे, जिभेच्या बाजूंनी हवा सोडून म्हणायचं. शिवाय ते नामाचं शेपूट, कोआत्लला, म्हणजे सापाला, आदराचा त्सिन लागला की गळतं, कोआत्सिन होतं. मात्रिकुलेत मिकिस्त्ली शोधत बसाल तर हाती काही लागणार नाही. शेपूट कापूनच लिहिलंय, मिकिस. पाऊस तसाच: कियावित्ल नाही, कियाव.

वाकडी लेखणी: विषय ठिपक्यांचा आहे!

शुद्धलेखन: तेच सांगतोय. शेपूट गळालं तेही पाद्र्यांनी खाल्लं का? रोजच्या हाकेत नाव आखूड होतं.

दगडफोड्या: मग मिश्तेक या मेक्सिकोतल्याच दुसऱ्या लोकांच्या पोथ्यांत आठ-हरीण राजाचे आठ ठिपके का टिकले?

गणिती: तिथे राजाची वंशावळ आहे, पूर्ण नाव लागणारच. इथे कराची यादी. तिच्यात नावाशेजारी ठिपके काढले तर ते मोजणीचे वाटण्याची भीती. हा माझा अंदाज, पुरावा नाही. तोच कोआत्ल पुन्हा आला तर हुआन, दोमिंगो ही बाप्तिस्म्याची नावं होतीच ओळखायला.

दगडफोड्या: बरं, पाद्री सुटले. संशयाचा फायदा देऊन. ओमेतोच्त्सिनच्या आकड्याचं मात्र कुणीच बोललं नाही.

शुद्धलेखन: त्याचंही शेपूट गळालंय. तोच्त्ली, तोच्त्सिन. आकडा मात्र जागच्या जागी.