भोसरीत क्वालिटीला आहे. राजीनामा आधी द्यावा की दुसरीकडची ऑफर आल्यावर?

भोसरीकर

नमस्कार. मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय, वय २९. भोसरी एमआयडीसीत दुचाकीचे पत्र्याचे ब्रॅकेट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी इंजिनियर आहे. येत्या जुलैत पाच वर्षं होतील. हातात एकतीस हजार येतात, बेसिक सोळा. मोशीत भाड्याने राहतो. बायको आणि दोन वर्षांचा मुलगा इथे, आईवडील उदगीरजवळ गावी. दर महिन्याला घरी पैसे पाठवावे लागतात.

काम येतं आणि मनापासून आवडतंही. जीव खातो तो फोन. आमची सुट्टी गुरुवारी, आमचे पार्ट घेणाऱ्या गिऱ्हाइक कंपनीची रविवारी, त्यामुळे फोन सातही दिवस चालू. रात्री दोनला चाकणहून त्यांच्या लाइनवरचा माणूस बोलतो, "होल शिफ्ट आहे, भोक सरकलंय, पार्ट बसत नाही, लाइन थांबेल, लगेच माणूस पाठवा." मग गाडी काढायची, त्यांच्या माल उतरवायच्या डॉकवर पेट्या उघडून सॉर्टिंग करायचं, म्हणजे खराब पार्ट वेगळे काढायचे, तिथूनच थेट कंपनीत यायचं आणि अकराच्या मीटिंगमध्ये साहेबांनी विचारायचं, रूट कॉज काय, मूळ कारण काय? क्वालिटीत आम्ही तिघं होतो. एकजण सोडून गेला, त्याच्या जागी कुणी आलं नाही. त्यात आयएटीएफचं (वाहन उद्योगाच्या क्वालिटी मानकाचं) ऑडिट तोंडावर आलंय.

आता फोन वाजला नाही तरी रात्री तीनला जाग येते आणि हात मोबाइलकडे जातो. जेवण जात नाही, छातीत जळजळतं. पोरगा रडला की मी चिडतो, हे सगळ्यात जास्त लागतं.

नोकरी डॉट कॉमवर बरेच अर्ज टाकले, पण कॉल येत नाहीत. नोटीस साठ दिवसांची आहे. राजीनामा टाकून मोकळं व्हावं आणि मग शांतपणे शोधावं, असं रोज वाटतं. बायको म्हणते, दोन महिन्यांचं भाडं बाजूला आहे, बघू. तुम्ही काय कराल? आणि तोवर हे कसं सांभाळू?

निगडीची ताई

दादा, मी बरीच वर्षं ऑटो पार्ट्सच्या कंपन्यांत एचआरला होते. राजीनाम्याचं आधी बोलते, कारण त्यात तुमचे पैसे अडकलेत.

पाच वर्षं सलग नोकरी पूर्ण झाली की ग्रॅच्युइटी तुमच्या हक्काची होते. शेवटच्या बेसिक आणि डीएला (महागाई भत्त्याला) १५ ने गुणायचं, २६ ने भागायचं आणि त्याला वर्षांनी गुणायचं. सोळा हजारांवर पाच वर्षांचे साधारण ४६ हजार होतात. मोशीत एवढ्यात तुमचं काही महिन्यांचं भाडं सुटेल. मोजणी रोलवर लागल्याच्या तारखेपासून कामाच्या शेवटच्या दिवसापर्यंत होते, म्हणजे नोटीसचे साठ दिवसही त्यात धरले जातात. राजीनामा मेमध्ये दिलात तरी चालेल, फक्त शेवटचा दिवस पाच वर्षांच्या अलीकडे येऊ देऊ नका. पहिलं वर्ष अप्रेंटिस म्हणून काढलं असेल तर ते यात धरत नाहीत, तेव्हा अपॉइंटमेंट लेटरवरची तारीख आजच काढून बघा. चार वर्षं आणि २४० दिवस झाले तरी मिळते असं कुणीतरी सांगेल. त्यासाठी कंपनीशी भांडावं लागतं. तुमचा जुलै जवळ आलाय, त्या वाटेला जाऊ नका.

आता मुख्य प्रश्न. ऑफर हातात नसताना राजीनामा देऊ नका असं मी सरसकट कुणालाच सांगत नाही. माणूस आजारी पडत असेल तर नोकरी गेली खड्ड्यात. पण तुमच्या घरी दोन महिन्यांचंच भाडं आहे आणि पगार एकट्याचा. रिकामं बसून शोधणाऱ्याला पगार पाडून मागतात, हे मी टेबलाच्या त्या बाजूला बसून बघितलंय. आधी फोन कमी करा, मग शोधा आणि ऑफर लेखी आल्यावर राजीनामा द्या. तोंडी "तुमचं फायनल आहे" यावर काहीही टाकू नका.

राजीनामा मेलने द्या आणि त्याची प्रत स्वतःच्या जीमेलवर ठेवा. पीएफ काढू नका, जुना यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) नव्या कंपनीत देऊन ट्रान्सफर करून घ्या. पाच वर्षांच्या आत काढला तर त्यावर कर लागतो, आणि त्याबरोबर पेन्शनचे पैसेही काढलेत तर पुढे पेन्शनला जी दहा वर्षांची नोकरी लागते, तिची मोजणी तुटते. कंपनीने तुमची एक्झिटची तारीख टाकली नाही तर दोन महिन्यांनी ईपीएफओच्या पोर्टलवर ती तुम्हाला स्वतःला टाकता येते. हे पुष्कळांना माहीत नसतं आणि लोक जुन्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवत बसतात.

चाकण एसक्यूए

मी टेबलाच्या पलीकडचा माणूस. आधी तुमच्यासारखाच प्रेस शॉपच्या क्वालिटीत होतो, आता एका वाहन कंपनीत सप्लायर क्वालिटी (एसक्यूए) बघतो, म्हणजे पार्ट पुरवणाऱ्यांची क्वालिटी. रात्री दोनचे असे फोन घेतलेत आणि केलेतही. त्यामुळे खात्रीने सांगतो, त्या वेळी लाइनवरच्या माणसाला रूट कॉज नको असतो. त्याला तीनच गोष्टी हव्या असतात: संशयित माल किती, तो आत्ता कुठे कुठे पडलाय आणि चांगला माल लाइनला किती वेळात मिळेल. ८डीमध्ये, म्हणजे तक्रार सोडवायच्या आठ पायऱ्यांच्या पद्धतीत, याला डी३ म्हणतात, कंटेनमेंट. रूट कॉज डी४ आहे, ते दिवसा, डाय आणि चेकिंग फिक्स्चर समोर ठेवूनच होतं. रात्रभर डॉकवर उभं राहून सकाळी डी४ सांगायला लावलं की माणूस "ऑपरेटरचा निष्काळजीपणा" असं लिहून मोकळा होतो. पुढच्या आठवड्यात तोच पार्ट पुन्हा येतो, आणि तुमचे निम्मे फोन अशा परतलेल्या पार्टचे असणार.

म्हणून ऑडिटच्या आधी एक काम करा. सगळ्यात जास्त फोन येणारे चार-पाच पार्ट निवडा. प्रत्येकाचा एक कागद करा: पार्टचा फोटो, कुठलं माप चुकतं, ते कशाने तपासायचं (पार्ट पास की नापास एवढंच सांगणारं गो-नोगो गेज असेल तर उत्तम), आपल्या तयार मालाच्या (एफजी) स्टोअरमध्ये, वाटेतल्या गाडीत आणि गिऱ्हाइकाकडे माल किती असतो, आणि सॉर्टिंग एजन्सीचा नंबर. हा कागद नाइट शिफ्टच्या इन्स्पेक्टरला शिकवा. मग साहेबांकडे जा. "मला त्रास होतोय" असं म्हणालात की ते सुट्टी देतील आणि सुट्टीतही फोन करतील. त्याऐवजी एस्कलेशन मॅट्रिक्स लिहून न्या: पहिला फोन नाइट इन्स्पेक्टरला, अर्ध्या तासात सुटलं नाही तर आठवड्याच्या पाळीप्रमाणे तुम्ही, तुमचा सहकारी किंवा प्रॉडक्शनचा इंजिनियर. आयएटीएफ १६९४९ मध्ये गिऱ्हाइकाच्या तक्रारीची जबाबदारी ठरवून दिलेली असावी लागते, ऑडिटर ते विचारतोच. आत्ता ऑडिट तोंडावर आहे तोवर साहेब सही करतील. ऑडिट होऊन गेलं की हा कागद टेबलावर पडून राहील.

तीन आठवड्यांतले दोन आठवडे रात्री फोन बंद करून झोपता आलं तर शोधायला डोकं उरेल. या अवस्थेत इंटरव्ह्यूला गेलात तर साधा सीपीके (प्रोसेस मापात किती बसते त्याचा आकडा) सांगताना अडखळाल.

आता सीव्ही. आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ सीव्हींवर लिहिलेलं असतं, "क्वालिटीशी संबंधित सर्व कामे पाहणे." यावरून मला काहीच कळत नाही. प्रोसेस लिहा: प्रोग्रेसिव्ह डाय, स्पॉट वेल्डिंग, सीईडी कोटिंग, जे असेल ते. गेज आणि उपकरणं लिहा, सीएमएम (मापं घेणारं मशीन) स्वतः चालवता की रिपोर्ट वाचता तेही. किती पार्टचं पीपीएपी (गिऱ्हाइकाकडून पार्ट मंजूर करून घ्यायची कागदपत्रं) स्वतः सादर केलं, कुठल्या लेव्हलचं. पीपीएम (दहा लाखांमागे खराब पार्ट) कितीवरून कितीवर आलं. परत आलेल्या एका तक्रारीची गोष्ट चार ओळींत: काय चुकत होतं, कारण काय निघालं, काय बदललं, त्यानंतर किती महिने तक्रार आली नाही. ही एक गोष्ट नीट लिहिलीत तर मी इंटरव्ह्यूला बोलावतो, इंग्रजी कच्चं असलं तरी. एकच कॉलम ठेवा, दोन पानांच्या वर जाऊ नका. फोटो, रंगीत पट्ट्या, टक्केवारीचे गोल काढून टाका, कंपन्यांच्या सॉफ्टवेअरला ते बऱ्याचदा नीट वाचता येत नाही.

नोकरी डॉट कॉमवर भरती करणारा नोटीस, ठिकाण आणि "प्रोफाइल शेवटचं कधी उघडलं" अशा चाळण्या लावतो. तुम्ही सहा महिन्यांपूर्वी बनवून तसंच ठेवलं असेल तर त्या यादीत येतच नाही. आठवड्यातून एकदा आत जाऊन एखादी ओळ बदला. स्किल्समध्ये पीपीएपी, ८डी, एफएमईए, एसपीसी, एमएसए हे शब्द वेगवेगळे टाका. पण चाकण-भोसरी पट्ट्यात खरी जागा तोंडीच कळते. तुमच्या डाय मेकरला, कॅलिब्रेशनला येणाऱ्या माणसाला, सॉर्टिंग एजन्सीच्या सुपरवायझरला कुठे जागा आहे ते पोर्टलच्या आधी माहीत असतं. ते रोज दहा कंपन्यांत फिरतात. विश्वासातल्या एकाला सांगा. सगळ्यांना सांगितलंत तर ते साहेबांच्या कानावर जाईल.

फिजिशियन, संभाजीनगर

वर सगळे नोकरीचं बोलले, मी तब्येतीचं लिहितो. तीनला जाग, भूक नाही, छातीत जळजळ, चिडचिड. ही ॲसिडिटीच असेल असं गृहीत धरून मेडिकलमधून गोळ्या खात राहू नका. एकदा डॉक्टरकडे बीपी, साखर, थायरॉइड आणि ईसीजी करून घ्या. छातीत दुखून हातात किंवा जबड्यात कळ गेली, घाम फुटला, तर फोरम वाचत बसायचं नाही, तडक हॉस्पिटल. मित्राची झोपेची गोळी घेऊ नका. जागरण झाल्यावर चाकणहून दुचाकीने परत येऊ नका, कंपनीकडे गाडी मागा. नाशिक रोडवर सकाळी ट्रकांच्या मध्ये डुलकी लागली तर दुसरी संधी मिळत नाही. ही मागणी लेखी करा.

मन फारच खचलं, जगणं नकोसं वाटलं, तर टेलि-मानसचा १४४१६ नंबर आहे. सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. तिथे फोन करायला आजार असावाच लागतो असं नाही, झोप उडालीय एवढंही पुरेसं आहे. आणि वहिनींना जे इथे लिहिलंत ते सगळं सांगा. मुलावर चिडलात तर त्यांना त्याचं कारण माहीत असू दे.

भोसरीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. अपॉइंटमेंट लेटर काढलं. आठ जुलैला पाच वर्षं, अप्रेंटिस नव्हतो. मॅट्रिक्सचा कागद बनवला, सहकाऱ्याला दाखवला, तो तयार आहे. साहेबांकडे सोमवारी जातोय.

दोन गोष्टी विचारतो. काल एका कन्सल्टन्सीचा फोन आला. चाकणच्या मोठ्या कंपनीत थेट लावतो, रजिस्ट्रेशनचे अडीच हजार आधी गूगल पे करा म्हणाला. ऑफर लेटरचा नमुनाही पाठवलाय, लोगो वगैरे बरोबर आहे. दुसरं, इंटरव्ह्यूत "का सोडताय?" असं विचारलं तर काय सांगू? फोनचा त्रास सांगितला तर प्रेशर झेपत नाही असं वाटेल ना?

निगडीची ताई

एक रुपयाही देऊ नका. खरी कन्सल्टन्सी पैसे कंपनीकडून घेते, उमेदवाराकडून नाही. इंटरव्ह्यू न घेता ऑफर लेटर येत नसतं, आणि लोगो कुणालाही चिकटवता येतो. आधार, पॅन किंवा बँकेचा तपशील दिला असेल तर बँकेला आत्ता कळवा. पैसे गेले असते तर सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरवर लगेच फोन करा म्हटलं असतं. तुमचे वाचलेत, तरी तो नंबर आणि मेसेज सायबर क्राइमच्या पोर्टलवर टाका. उद्या तो उदगीरहून नुकत्याच आलेल्या एखाद्या पोराला हेरेल.

चाकण एसक्यूए

"का सोडताय?" याचं तुमच्याकडे खरं उत्तर आहे, बनवायची गरज नाही. "पाच वर्षं तक्रारीची बाजू सांभाळली. आता पार्ट डेव्हलप होतानाच चूक अडवायची आहे, म्हणून एपीक्यूपीचं किंवा सप्लायर क्वालिटीचं काम हवंय." आणि हे तुमच्यासाठी खरंच बरं आहे, त्या कामात रात्रीचे फोन कमी असतात. जुन्या कंपनीची निंदा करू नका. पण रात्री कॉल किती येतात, टीम किती जणांची, साप्ताहिक सुट्टी कुठल्या वारी, हे तिथे तुम्ही विचारा. विचारलं म्हणून नाकारणारी कंपनी असेल तर तिथे पुन्हा हेच भोगाल. पगार विचारला की हातातला आकडा सांगू नका, वर्षाचा सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) सांगा, आणि नोटीस बायआऊट करतील का, म्हणजे उरलेल्या नोटीसचे पैसे भरतील का, ते ऑफरच्या आधी लेखी घ्या. जॉइनिंगची तारीख आठ जुलैनंतरची मागा.

सीव्हीसाठी सांगितलेली, परत आलेल्या तक्रारीची चार ओळींची गोष्ट इथेच लिहून टाका, कंपनीचं आणि गिऱ्हाइकाचं नाव गाळून. मी बघून सांगतो कुठे आकडा हवाय.