मदत हवी आहे : होडीच्या कठड्याचे खांब बुडाशी हलतात
नमस्कार. हर्णै बंदरात आमची फायबरची २८ फुटी होडी असून तिच्या डाव्या बाजूच्या स्टीलच्या कठड्याचे तीन खांब बुडाशी हलू लागले आहेत. हात टेकला तरी वरचा पाइप चांगला बोटभर कलतो, आणि एका खांबाच्या वेल्डिंगला केसाएवढी चीर गेली आहे. खांबांच्या बैठकीचे (डेकवर टेकणाऱ्या तळपट्टीचे) स्क्रू काढले, तेव्हा भोकातून तांबूस पाणी आणि कुजलेल्या प्लायवुडचा भुसा बाहेर आला. नुसते जाड स्क्रू पिळणे मला पटत नाही. कुजका भाग कोरून, पूर्ण वाळवून तिथे इपॉक्सी (वाळून कडक होणारी राळ) भरावे आणि डेकखाली धातूची पट्टी देऊन आरपार बोल्ट घालावेत, असा विचार आहे. मात्र मधल्या खांबाखाली डिझेलची टाकी असल्याने आतून हात पोहोचत नाही. तिथे काय करावे? जुना पाइप ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा आहे, खाऱ्या हवेने त्यावर ठिपके पडलेच आहेत, तर त्याला ३१६ची (खाऱ्या हवेत जास्त टिकणाऱ्या ग्रेडची) बैठक वेल्ड केलेली चालेल का? वेल्डर जागेवरच काम करू म्हणतो. टाकीमुळे मी त्याला थांबवले आहे. नारळी पौर्णिमेआधी हे उरकायचे असल्याने अनुभवी मंडळींनी कृपया लवकर सांगावे.