पावसाळ्यासाठी टंबल ड्रायर घ्यायचाय, वीज कमी खाणारा कोणता?

पागोळी
नमस्कार मंडळी. गोरेगावला एकविसाव्या मजल्यावर राहतो. माणसं पाच: आम्ही दोघं, दुसरीतला मुलगा, सात महिन्यांची मुलगी आणि सासूबाई. सोसायटीने ठराव करून खिडकीबाहेर कपडे वाळत घालायला बंदी केलीय. बिल्डरने 'ड्राय बाल्कनी' म्हणून जी फट दिलीय तिच्यात वॉशिंग मशीन ठेवल्यावर माणूस तिरका होऊनच शिरतो. आणि ड्राय तर ती मे महिन्यातसुद्धा नसते.

गेल्या जुलैत मुलाची शाळेची पँट दोन रात्री पंख्याखाली होती. तिसऱ्या सकाळी पाय वाळलेले, पण कमरेचा पट्टा आणि खिशांची अस्तरं ओलीच. इस्त्री फिरवून कशीबशी घातली, तर संध्याकाळी पोरगं तोच कुबट वास घेऊन घरी. दुपट्यांचं तर बोलायलाच नको.

दुकानात गेलो तर विक्रेता म्हणाला, "मॅडम, ड्रायर तर प्रत्येक मशीनला असतोच." त्याला टंबल ड्रायर म्हणजे काय ते समजावण्यातच अर्धा तास गेला. मग व्हेंटेड, कंडेन्सर, हीट पंप असे तीन प्रकार निघाले. व्हेंटेड पंचवीस हजारांच्या आसपास, हीट पंपवाले पंचावन्न-साठच्या पुढे. एवढा फरक कशाचा? बिलात तो भरून निघतो का? आधीच आमचं बिल दर पावसाळ्यात वरच्या स्लॅबमध्ये जातं. बजेट ४० हजार, फारच ताणलं तर ६०. वापरणाऱ्यांनी सांगावं.

मुलुंडचा_मोरू
ताई, छताला दोऱ्यावाल्या दांड्या लावा, खाली पंखा लावा, झालं. आमच्या आईने चाळीच्या गॅलरीत सात जणांचे कपडे वाळवले, ड्रायरबियर काही नव्हतं.

पागोळी
दांड्या आहेत हो मोरूभाऊ, हॉलमध्ये आहेत. पाहुणे आले की चड्ड्यांखाली बसून चहा पितात. आणि तुमच्या आईंकडे गॅलरी होती!

बाष्पक
माझं कामच एसीचं आहे, त्यामुळे थोडं लांबतंय.

'ड्रायर' शब्दाचा घोळ त्या सेमी ऑटोमॅटिकने केला. त्यात धुवायच्या टबाशेजारी जे पिंप गरगरतं त्याला आपण दोन पिढ्या ड्रायर म्हणत आलो. ते खरं म्हणजे पिळणं. टंबल ड्रायर गरम हवेत कपडे उलटेपालटे करत पाण्याची वाफ करतो. पिळणं स्वस्त असतं, वाफ महाग. हे डोक्यात ठेवलं की पुढचं सोपं आहे.

एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण ०.६५ युनिट लागतं. हा निसर्गाचा दर आहे, दिवाळी ऑफरमध्येही उतरत नाही. चार किलो सुती कपडे मशीनमधून हजारच्या स्पिनवर (म्हणजे मिनिटाला हजार फेऱ्यांनी पिळून) काढले तर त्यांत अदमासे २.४ लिटर पाणी उरतं. म्हणजे दीड युनिट तिथेच गेलं. ड्रम तापणं, गळती, मोटर धरून कॉइलवाला ड्रायर, म्हणजे व्हेंटेड किंवा कंडेन्सर, सव्वादोन-अडीच युनिट घेतो.

व्हेंटेड खोलीतली हवा कॉइलवर तापवतो, कपड्यांतून फिरवतो आणि ओली गरम हवा जाड पाइपने बाहेर फेकतो. तो पाइप खरोखर बाहेर जायला हवा. आपल्याकडे सरकत्या काचा आणि वर ग्रिल, त्यातून चार इंची पाइप काढणार कसा, हे आधी बघा. लोक कंटाळून तो बाल्कनीतच मोकळा सोडतात आणि मग भिंतीला काळी बुरशी आली म्हणून रंगाऱ्याला बोलावतात.

कंडेन्सरला पाइप नाही. वाफेचं पाणी करून टाकीत साठवतो. पण खाल्लेली वीज उष्णता होऊन घरातच राहते.

हीट पंपमध्ये फ्रिजसारखा कॉम्प्रेसर असतो. ओली हवा थंड कॉइलवरून गेली की पाणी गळतं, आणि वाफेचं पाणी होताना जी उष्णता सुटते ती फेकून न देता गरम कॉइलमार्फत परत कपड्यांकडे पाठवली जाते. म्हणून तेच चार किलोंचं काम एका युनिटच्या आसपास होतं. हवा पन्नास अंशांच्या जवळपासच तापते, त्यामुळे वेळ जास्त घेतो, पण इलॅस्टिक आणि रंग टिकतात. युरोपीय संघात १ जुलै २०२५ पासून बाजारात नवे येणारे घरगुती ड्रायर हीट पंपाचेच असावे लागतात. स्वित्झर्लंडने तर २०१२ मध्येच बाकीचे बंद केले.

मुलुंडचा_मोरू
मग संपला की विषय. हीट पंप घ्या.

हिशेबनीस
संपला कसा? हिशेब कोण करणार?

मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला येतो, ८ ऑक्टोबरला जातो. धरा १२० दिवस. रोज एक घाणा. कॉइल आणि हीट पंप यांत फरक घाण्याला १.३ युनिट. सोयीसाठी युनिटला १० रुपये धरू. १२० गुणिले १३ म्हणजे वर्षाला १५६० रुपये वाचले. किमतीतला फरक तीस हजार. फिटायला एकोणीस वर्षं! तोवर ती सात महिन्यांची मुलगी कॉलेजात असेल आणि ड्रायर भंगारात.

स्वित्झर्लंडमध्ये लोक बारा महिने ड्रायर लावतात. आपल्याला आठ महिने ऊन फुकट मिळतं.

बाष्पक
आकडेमोड बरोबर आहे, पण एक खातं राहिलं. कंडेन्सर म्हणजे घरात तास-दीड तास दोन किलोवॅटचा हीटर लावणं. जुलैच्या दमट रात्री, दारं-खिडक्या बंद, बाळासाठी एसी चालू. दीड टनाचा एसी सव्वापाच किलोवॅट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे त्याची तिसऱ्या हिश्श्याहून जास्त ताकद ड्रायरशी भांडण्यात जाणार. ते बिल कोणाच्या नावावर टाकणार? हीट पंपही घर तापवतो, पण बराच कमी.

हिशेबनीस
मान्य, एसी धरला नव्हता. तरी ज्याच्या मोरीला उघडता येणारी खिडकी आहे आणि फक्त पावसाळ्यातच ड्रायर लागणार आहे, त्याने आयएफबीचा साडेपाच किलोवाला व्हेंटेड घ्यावा आणि पाइप बाहेर सोडावा, या मतावर मी ठाम आहे. उष्णताही बाहेर, पैसेही खिशात.

सुतळी
सगळे ड्रायरवर भांडताय, पण पागोळी, तुझं वॉशिंग मशीन कितीच्या स्पिनवर चालतं? ते आधी बघ. फ्रंट लोडमध्ये 'मिक्स' किंवा 'सिंथेटिक' प्रोग्राम लावला की बऱ्याचदा स्पिन आपोआप ८०० वर येतो. आमच्याकडे तीन वर्षं असंच चालू होतं आणि मी पावसाला शिव्या घालत होते. मोटरने काढलेलं पाणी जवळपास फुकट निघतं, तेच ड्रायरने काढायचं तर वर बाष्पक म्हणतात तो दर.

गिरगावकर
धुणं-वाळवणं एकाच मशीनमध्ये, तो वॉशर-ड्रायर मी घेऊन बसलोय. जागा वाचते हे खरं. पण धुवायला आठ किलो आणि वाळवायला पाच. म्हणजे धुतल्यावर अर्धे कपडे बाहेर काढा, तीन तास थांबा, मग उरलेले घाला. शिवाय माझं मॉडेल वाफ थंड करायला नळाचं पाणी घेतं. वाळवायला पाणी! आमच्याकडे पाणी सकाळी येतं, टाकी संपली की मशीन 'पाणी नाही' म्हणून टुकटुक करत थांबतं, आत कोमट ओले कपडे. सर्व्हिसवाल्याला दोनदा बोलावलं, दोन्ही वेळा तो "नॉर्मल है" म्हणून सही घेऊन गेला.

आर्द्रा
दहिसरहून. आम्ही ड्रायर न घेता डिह्युमिडिफायर, म्हणजे खोलीतल्या हवेतला ओलावा काढणारं यंत्र, घेतला. आतल्या छोट्या खोलीत स्टँडवर कपडे, दार बंद, रात्री दहाला चालू. जेमतेम ३०० वॅट घेतो, सात तासांत दोनेक युनिटं जातात आणि सकाळी जीन्सच्या शिवणीसुद्धा कोरड्या. कपाटातली बुरशीही गेली. अट एकच, एक खोली रात्रभर बंद ठेवता यायला हवी.

गिरगावकर
मुंबईत रिकामी खोली! हे म्हणजे विहीर विकत घ्या म्हणजे नळ लागणार नाही.

पागोळी
केवढी मदत केलीत! सुतळी, तुझ्या म्हणण्यावरून काल रात्री प्रयोग केला. विमानाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा आहे आमच्याकडे. कोरडे कपडे मोजून चार किलो घेतले. नेहमीच्या 'मिक्स'वर धुतले, स्पिन खरंच ८०० निघाला. बाहेर काढून पिशवीत तोलले, ६ किलो ८०० ग्रॅम. तेच कपडे पुन्हा भिजवून १२०० वर फिरवले, ६ किलो १५० ग्रॅम. साडेसहाशे ग्रॅम पाणी एका बटणाने गेलं! सासूबाई म्हणाल्या, रात्री बाराला ओली धुणी तोलत बसलेली सून पहिल्यांदाच बघितली.

आता हिशेबनीस, तुमच्यासाठी. पावसाळ्यात आमचे रोज दोन घाणे होतात (बाळ आणि सासूबाईंच्या चादरी). आणि बाहेर वाळत घालायला बंदी असल्यामुळे बाकीचे आठ महिनेही रोज एक तरी ड्रायरमध्ये जाणारच. आतल्या खोलीत सासूबाई झोपतात, त्यामुळे आर्द्राचा उपाय आम्हाला जमणार नाही.

हिशेबनीस
अहो, हे आधी सांगायचं ना! पावसाळ्याचे २४०, इतर २४५, एकूण ४८५ घाणे. गुणिले १३, वर्षाला ६३०० रुपये. तीस हजार पाच वर्षांच्या आत फिटले, एसीचं वेगळंच. १२०० वर पिळायला लागल्यावर फरक थोडा घटेल, तरी सहाच्या आत. तुम्ही हीट पंपच घ्या. मी माझं मत बदललेलं नाही, तुमचं घर बदललं.

बाष्पक
घेताना चार गोष्टी. बॉश, एलजी वगैरेंचे हीट पंप इथे मिळतात, पण नावापेक्षा मॅन्युअलमधला एका सायकलला किती युनिट हा आकडा मागा आणि तो किती किलोंसाठी आहे ते विचारा. आठ किलोंचा दोन युनिट घेत असेल आणि नऊ किलोंचाही दोनच, तर नऊवाला बरा. नुसता वॅटचा आकडा बघू नका, वेळ माहीत नसेल तर त्याला अर्थ नाही.

दुसरं, ओलावा ओळखणारा सेन्सर हवाच. ड्रममध्ये दारापाशी दोन धातूच्या पट्ट्या दिसतील. ओला कपडा त्यांना टेकला की बारीक विद्युतप्रवाह वाहतो, कपडा कोरडा झाला की थांबतो, आणि मशीन तिथेच बंद होतं. नुसत्या टायमरवाल्यात आपण अंदाजाने दोन तास लावतो आणि शेवटचा अर्धा तास कोरड्याच कपड्यांना भाजत बसतो. इस्त्रीला जायचे कपडे 'आयर्न ड्राय'वर काढा, किंचित ओलसर निघतात, इस्त्रीही सोपी जाते.

जागा नाही म्हणता, तर मशीनवरच ड्रायर चढवता येतो, पण मशीन फ्रंट लोड हवं आणि त्या जोडीसाठी असलेला स्टॅकिंग किटच वापरा. वायरमनकडून १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट घ्या, एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. पावसाची झड जिथे येते तिथे तर ड्रायरही नको, पॉइंटही नको, आधी बाल्कनीला सरकती काच बसवा.

आणि डिलिव्हरीवाल्यांनी लिफ्टमध्ये मावत नाही म्हणून आडवा करून आणला तर लगेच चालू करू नका. कॉम्प्रेसरचं तेल जागेवर यायला वेळ लागतो. मॅन्युअलमध्ये सांगितलेत तितके तास उभा राहू द्या.

सुतळी
आणि फिल्टर! प्रत्येक घाण्यानंतर. उघडलास की राखाडी नमद्यासारखा थर निघेल, बोटाने सोलला की अख्खा हातात येतो. नव्या टॉवेलांच्या वेळी तर मुलाने त्याचा उंदीर बनवला होता. तो साचला तर हवा अडते, वेळ वाढतो, वीज वाढते, आणि ही लिंट, म्हणजे कपड्यांचे सुटलेले तंतू, झटकन पेटणारी असते, हे विसरू नकोस. खाली कॉइलवरही बारीक धूळ बसते. ती साफ करायला कुठून हात जातो ते दुकानातच उघडून दाखवायला सांग.

लोकर, रेशीम आणि सासूबाईंची जुनी नऊवारी आत घालू नकोस. दुपटी खुशाल घाल.

पागोळी
ठरलं. हीट पंप, आठ किलो, सेन्सरवाला, मशीनच्या डोक्यावर. साठच्या आत एक मिळतोय, जुलैच्या आत यायला हवा. काचवाला रविवारी माप घ्यायला येतोय. तोवर १२०० चा स्पिन आणि हॉलमधल्या दांड्या.

मुलुंडचा_मोरू
ताई, एक शंका. त्या टाकीत जमलेलं पाणी वाफेचं, म्हणजे डिस्टिल्डच झालं ना? इन्व्हर्टरच्या बॅटरीत चालेल का?

बाष्पक
मोरूभाऊ, त्यात सगळ्या घराची लिंट असते. बॅटरीत नको. लादी पुसा.