पन्हाळ्याची मे महिन्यातली संध्याकाळची फेरी: क्रम बदला

तीस जणांना घेऊन तीन दरवाजापासून सुरुवात करून शेवट सज्जाकोठीत, असा गडफेरीचा क्रम सुचवला जातो, तो उलटा करा. सज्जाकोठी पूर्वेच्या कड्यावर, तर तीन दरवाजा पश्चिमेला, म्हणजे सूर्यास्ताला तिथे पोचायला हवं. मेच्या मध्यात सूर्य सातच्या जरासा आधी मावळतो. पावणेपाचला सज्जाकोठी, मग अंबरखाना म्हणजे धान्याची कोठारं (त्यातल्या गंगा कोठीत धान्य ओतायची छतातली भोकं दाखवाच, नाहीतर लोक नुसता मोठा हॉल बघून येतात) आणि सहाला अंधारबाव, म्हणजे पायऱ्यांची बंदिस्त विहीर.

खरी अडचण अंधारबावीत. आत उजेड कमी, पायऱ्या उंच. सगळे एकदम घुसले की उतरणारे-चढणारे मध्येच अडकतात. दहा-दहाच्या तुकड्या करा, एक माणूस वर, एक खाली. मोबाईलच्या टॉर्चने एक हात अडकतो, डोक्याला बांधायची बॅटरी बरी.

तीन दरवाजा शेजारीच. तिथला फारसी शिलालेख समोरून झोत टाकून वाचता येत नाही, सगळं सपाट दिसतं. बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने धरा, अक्षरं सावलीने उठतात.

वळीव विसरू नका. ढग गडगडला की कडा सोडायचा, सूर्यास्त गेला तरी चालेल. आणि वास्तू पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत, सूर्यास्तानंतर आत कार्यक्रम करायचा तर लेखी परवानगी आधी काढा.