खेड्यातल्या वीज को-ऑपच्या बोर्डावर उभं राहावं का? (टेक्सास)

माळरानवाला:
नमस्कार मंडळी. आम्ही ऑस्टिनपासून बरेच लांब राहतो, थोडी जमीन आहे, वीज को-ऑपची. म्हणजे कनेक्शन घेतलं की तुम्ही मेंबर आणि मेंबर तोच मालक, घर छोटं असो की मोठी डेअरी, मत एकच. आमच्या भागातले डायरेक्टर वयामुळे सोडतायत आणि शेजारचे आजोबा मागे लागलेत की तू उभा राहा. मी सॉफ्टवेअरमधला. बिलं वाढली म्हणून लोक चिडलेत, त्यामुळे प्रचारात दर कमी करू असं म्हणावंसं वाटतंय. हे काम कोणी केलंय का? नेमकं करायचं काय असतं?

निशा_मिनेसोटा:
मी आमच्या को-ऑपच्या बोर्डावर आहे. दर कमी करायचं वचन देऊ नका, प्लीज. बिलातला मोठा भाग घाऊक वीजखरेदीचा असतो आणि ती बहुतेक ठिकाणी जी अँड टी कडून येते, म्हणजे अनेक को-ऑपनी मिळून काढलेली वीजनिर्मितीची को-ऑप, तिच्याशी करार वर्षानुवर्षांचा असतो, तो तुम्ही निवडून आलात म्हणून बदलत नाही. वर आपल्या को-ऑपकडे लाईनच्या मैलाला सरासरी ८ च्या आसपास ग्राहक, खासगी कंपन्यांना ३० च्या वर. तेवढेच खांब, तेवढीच तार, पैसे भरणारे कमी. म्हणून तर १९३५ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी आरईए, म्हणजे खेड्यांत वीज नेणारं सरकारी खातं, काढेपर्यंत कंपन्या शेतांकडे फारशा फिरकल्याच नव्हत्या.

बोर्डाचं काम म्हणजे मॅनेजर नेमणं, दर आणि बजेट मंजूर करणं, कर्ज काढायचं की नाही ठरवणं. लाईनमनला परस्पर फोन करून अमक्याची लाईट आधी आण म्हणायचं नाही, ओळखीचे लोक हे सांगणारच. मीटिंग साधारण महिन्याला एक, पण आधी जाडजूड कागद येतात ते खरोखर वाचावे लागतात. एनआरईसीए, म्हणजे वीज को-ऑपची देशपातळीवरची संघटना, तिचे डायरेक्टरांसाठी कोर्स आहेत, ते करा, विजेतलं तिथे शिकता येतं.

श्रीरामपूरकर:
दादा, मी अमेरिकेतला नाही पण राहवलं नाही म्हणून लिहितोय. आमच्याकडे मुळा-प्रवरा ही वीज सहकारी संस्था होती. १९६९ मध्ये आरईसी, म्हणजे ग्रामीण विद्युतीकरणाला कर्ज देणारं केंद्राचं महामंडळ, सुरू झाली आणि देशात प्रयोग म्हणून ज्या पाच वीज सहकारी संस्था निघाल्या त्यातली एक, अमेरिकेतल्या को-ऑपचाच नमुना डोळ्यासमोर होता. घरातली माणसं अभिमानाने सांगायची, आपली संस्था. पण शेतीपंपाला मीटर नाही, हॉर्सपॉवरवर ठरावीक आकार, आणि वीज मात्र राज्याच्या वीज मंडळाकडून विकत घ्यायची, दर वाढवायचा विषय निघाला की निवडणूक आठवायची. थकबाकी चढत गेली, जानेवारी २०११ ला लायसन्सची मुदत संपली आणि महावितरणने कारभार घेतला. आमच्या मेंबर लोकांनी आकडे वेळेवर मागितले असते तर बरं झालं असतं असं मला फार वाटतं. तुम्ही निवडून या आणि आकडे मागा.

माळरानवाला:
दोघांनाही मनापासून थँक्स, वचनाचा विषय सोडला. मग उभं राहायच्या आधी काय बघू?

निशा_मिनेसोटा:
फॉर्म ९९०, म्हणजे को-ऑपने दरवर्षी करखात्याला भरायचं विवरणपत्र, ते बघा, डायरेक्टरांचं मानधन आणि मॅनेजरचा पगार त्यात असतो, कोणालाही बघता येतं. कॅपिटल क्रेडिट्स किती वर्षांनी परत देतात ते विचारा, म्हणजे वर्षाअखेर उरलेला पैसा मेंबरच्या नावे जमा असतो तो. आणि टेक्सासमध्ये आहात तर हे नक्की विचारा: २०२१ च्या फेब्रुवारीतल्या बर्फाच्या वादळात घाऊक दर मेगावॉट-तासाला ९,००० डॉलरवर कित्येक दिवस टिकून होता, वेकोच्या ब्राझोस इलेक्ट्रिकवर जवळपास १.९ अब्ज डॉलरचा दावा लागला आणि १ मार्चला त्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला, ती जी अँड टी होती, भार शेवटी मेंबर को-ऑपच्या बिलांवरच. तुमच्या को-ऑपची वीज कोणाकडून येते, करार कधी संपतो, आणि पुन्हा तसं झालं तर काय तयारी आहे, हे मॅनेजरला मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारा. बायलॉजमध्ये, म्हणजे को-ऑपच्या नियमावलीत, अर्जाची तारीख आणि किती मेंबरच्या सह्या लागतात तेही असतं, ते आजच काढून बघा, मुदत बहुतेक वेळा वार्षिक सभेच्या बरीच आधी संपते.