भांडी बाजारात माल उतरवायचा कसा? मदत हवी आहे

मंडळी, जरा डोकं चालवा माझ्यासाठी. नाशिकच्या भांडी बाजारात आमचं तांब्या-पितळेचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. बोळ इतका अरुंद की समोरून रिक्षा आली की एकाने रिव्हर्स घ्यायचा, त्यात दोन्ही कडेला बाइका लावलेल्या, आणि त्या बाइका गिऱ्हाइकांच्या कमी, आम्हा दुकानदारांच्याच जास्त (हो, माझी पण एक असते). टेम्पो रविवार कारंजा चौकापर्यंत कसाबसा येतो, पुढे हातगाडी. परवा हातगाडीवाला आला नाही म्हणून टेम्पोच आत घातला, पहिलं घंगाळं खाली ठेवतोय तोवर मागे पार वळणापर्यंत रांग, हॉर्नचा नुसता कल्ला, एक मावशी भाजीच्या पिशव्या घेऊन मधेच अडकल्या आणि मला असं काही सुनावलं की बस. चूक माझीच होती म्हणा.

रस्ता रुंद करा म्हणणारे खूप भेटतात. कुठून करणार, जुन्या वाड्यांच्या भिंती रस्त्याला टेकल्यात! अशोकस्तंभ ते त्र्यंबक नाका स्मार्ट रोड झाला तसं इथे होणं नाही. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला, दुतोंड्या मारुती (नदीतली उंच मूर्ती, तिच्यावरूनच आम्ही पुराची पातळी बघतो) बुडाला, पाणी बाजारात शिरलं, तेव्हा माल हलवायला गाडी आत येईना ते अजून डोळ्यासमोर आहे. आणि आता २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा, भाविक स्नान करतात ते रामकुंड आमच्यापासून चालत पाच-दहा मिनिटांवर.

माल उतरवायला ठरावीक वेळ लावून घ्यायची असेल तर अर्ज कुणाकडे करायचा? मनपा की पोलीस? कुणी केलंय का?

प्रतिसाद १
दोघांकडे. वाहनं कधी सोडायची, कधी बंद ठेवायची हे पोलीस आयुक्तालय ठरवतं, मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११५. पार्किंगचे पट्टे, बोर्ड वगैरे मनपाचं काम. अर्जावर एकट्याची सही नको, पूर्ण गल्लीची घ्या, आणि वेळ तुम्हीच लिहून द्या, सकाळी दहाच्या आत वगैरे. पोच घ्यायला विसरू नका.

प्रतिसाद २
दादा, आधी स्वतःची बाइक बाहेर लावा 😀 चेष्टा नाही, आमच्याकडे दुकानदारांनी गाड्या लांब लावल्या तेव्हाच हातगाडी सरळ जायला लागली.

धागाकर्ता
मान्य, उद्यापासून चालत. सह्या रविवारी गोळा करतो. पण समोरचे काका आत्ताच म्हणाले, "माझा ट्रान्सपोर्टवाला दुपारशिवाय येतच नाही, मी नाही सही करणार." वडिलांचे मित्र आहेत, तोंडावर काही बोलता येत नाही. त्यांना कसं पटवू?