टकीला कोणती घ्यावी? भाऊ परवा निघतो आहे, तातडीने मदत हवी आहे

नवखा_पिंपरीकर : माझा मोठा भाऊ परवा रात्री ह्यूस्टनहून निघतो आहे आणि येताना एक बाटली टकीला आणणार आहे. मागच्या खेपेची सोनेरी बाटली चांगली मुरलेली असणार, असे समजून आम्ही मोठ्या कौतुकाने उघडली होती. पहिल्याच घोटाला घसा जळला आणि चिकट गोडवा जिभेवर राहिला तो राहिलाच. आता ब्लांको, रेपोसादो, आन्येहो ही नावे वाचून डोके चक्रावले आहे. कृपया एकच नाव सांगावे, इतिहास नको.

घाटवाट : त्या बाटलीवर नेमके काय छापले होते, हे आपण लिहिलेलेच नाही. '१००% आगावे' असे शब्द होते का? आगावे म्हणजे घायपातासारखे ते झाड, ज्यापासून टकीला करतात.

नवखा_पिंपरीकर : त्या बाटलीत आता सौभाग्यवतींनी मनीप्लांट लावला आहे आणि लेबल अर्धे भिजून गेले आहे. 'टकीला' आणि 'गोल्ड' एवढेच वाचता येते. त्याने काय फरक पडतो?

घाटवाट : सगळा फरक तिथेच आहे. ते शब्द नसतील, तर आंबवलेल्या साखरेपैकी किमान ५१% निळ्या आगावेची असली की पुरते आणि उरलेली उसाची किंवा मक्याची चालते. अशा 'गोल्ड'चा रंग बहुधा पिंपातून येत नाही, कॅरमेलमधून येतो.

चोखंदळ : इतका काथ्याकूट कशाला? सरळ आन्येहो घ्यावी. महाग असते ती उगाच नसते.

घाटवाट : असहमत. रेपोसादो ओकच्या लाकडात किमान दोन महिने राहते, आन्येहो किमान एक वर्ष आणि एक्स्ट्रा आन्येहो तीन वर्षे. लाकडाचा वास जितका चढतो तितका आगावेचा दबतो. ज्याला व्हिस्कीच हवी आहे, त्याने व्हिस्की आणावी.

चोखंदळ : म्हणजे माझी जीभ चुकीची, असेच ना?

बांधकरी : आमच्या बांधावर घायपात माजले आहे. त्यापासून घरी टकीला करता येईल का?

मीठलिंबू : बांधकरी, घायपात त्याच कुळातले असले तरी टकीलाला निळा आगावेच लागतो आणि तोही मेक्सिकोतल्या हालिस्को राज्यातला किंवा ग्वानाहुआतो, मिचोआकान, नायारित, तामाउलिपास या राज्यांतील ठरावीक भागांतला, १९७४ पासून हे नाव संरक्षित आहे. शिवाय घरी दारू गाळणे हा गुन्हा आहे, ते वेगळेच. तिकडे झाड साधारण सहा-सात वर्षांचे झाले की हिमादोर, म्हणजे आगावे तोडणारा कामगार, लांब दांड्याच्या, गोल पात्याच्या कोआ नावाच्या हत्याराने पाने छाटतो आणि मधला गाभा तेवढा ठेवतो. पाने गेलेला हा गाभा अननसासारखा दिसतो, म्हणून त्याला पिन्या म्हणतात. कच्च्या गाभ्यातले फ्रुक्टान्स, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या, यीस्टला पचत नाहीत, त्यामुळे तो आधी शिजवून त्यांची साखर करून घ्यावी लागते. विटांच्या भट्टीत याला दोन-तीन दिवस लागतात, ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या दाबावर शिजवणाऱ्या बंद टाकीत, काही तासांत काम होते. मग रस काढून आंबवतात आणि दोनदा ऊर्ध्वपातनाने गाळतात.

कोकणवारा : बाटलीत अळी असते, ती खायची असते का?

मीठलिंबू : ती मेझकाल या आगावेच्याच दुसऱ्या मेक्सिकन दारूच्या काही बाटल्यांत असते, टकीलात नव्हे. पिंपरीकर, आपण पिणार कशी, हे अजून सांगितलेले नाही.

नवखा_पिंपरीकर : मीठ चाटून, वर लिंबू. दुसरी काही पद्धत असते का?

मीठलिंबू : मीठ-लिंबू हे चव झाकण्याचे साधन आहे. चांगली बाटली लहान पेल्यात, बर्फाशिवाय, घोट-घोट घ्यावी. पहिल्यांदाच नीट पिणार असाल तर १००% आगावेची ब्लांको, म्हणजे लाकडात न मुरवलेली, आणा, कारण तिच्यात लाकूड आड येत नाही. मार्गारिटा हे टकीलाचे कॉकटेल करायचे असले तरी तीच.

घाटवाट : आणि मागच्या बाजूला 'नॉम' (NOM) या अक्षरांपुढचा चार आकडी क्रमांक पाहावा. तो कारखान्याचा असतो. वेगवेगळ्या नावांच्या दोन बाटल्यांवर तोच क्रमांक असेल, तर दोन्ही एकाच ठिकाणी तयार झालेल्या असतात.

नवखा_पिंपरीकर : भाऊ आत्ता दुकानातच उभा आहे. फिकट पिवळी, रेपोसादो, बाटली देखणी आहे. घेऊ दे का?

घाटवाट : लेबल वाचायला सांगा.